तेराची तार

दोन वर्षांपूर्वी वसईहून एक ताई त्यांच्या वडिलांची गिटार घेऊन मिरजेला आल्या. वडील तरुणपणी मुंबईच्या हॉटेलांत नाचाच्या बँडमध्ये गिटार वाजवत. पुढे कायमची नोकरी लागली, बँड सुटला आणि वाद्य पेटीत गेलं ते गेलंच. वडील आदल्या वर्षी वारले. पहिल्या वर्षाच्या मिस्सेनंतर घरी नातेवाईक जमतील तेव्हा नातवाने ती गिटार वाजवावी, अशी ताईंची इच्छा होती. "दादा, पप्पा जसे वाजवायचे तसाच आवाज यायला पाहिजे," त्या म्हणाल्या. आवाज कसा होता, हे सांगायला घरात कुणी उरलं नव्हतं. खूण एकच होती. पेटीच्या झाकणाला आतून लावलेल्या कागदावर पेन्सिलीने एक आकडा लिहिलेला होता : १३.

मिरजेत तारांचा आकडा म्हटला की कुणीही सतारीच्या हिशोबाने विचार करतो. मी तो कागद आमच्या ओळखीच्या एका तारवाल्याला दाखवला. तो हसून म्हणाला, "तेरा नंबर? अहो, तो खिळा झाला!" त्याच्या परीने तो बरोबर होता. आपल्याकडे तारांचे नंबर ब्रिटिश पद्धतीचे. इंग्लंडमध्ये १८८४पासून कायद्याने लागू झालेल्या या मोजणीत नंबर वाढतो तशी तार बारीक होते. तार साच्याच्या भोकातून जितक्या वेळा ओढायची तितकी ती बारीक, अशी त्यामागची जुनी कारागिरी. या पद्धतीत ३० नंबरची तार ०.३१५ मिलिमीटर भरते आणि १३ नंबरची सव्वादोन मिलिमीटरच्या वर जाते. ती गिटारला लावणं अशक्य. झाकणावरचा तेरा अमेरिकन होता. तिथे गिटारची तार इंचाच्या हजाराव्या भागात मोजतात. तेरा म्हणजे ०.०१३ इंच, अर्थात ०.३३ मिलिमीटर. ही पहिल्या, सगळ्यात बारीक तारेची जाडी. तिच्यावरून पूर्ण संचाला 'तेराचा सेट' म्हणतात.

आजचे बहुतेक इलेक्ट्रिक गिटारवादक नऊ किंवा दहाची तार लावतात. मग त्या गृहस्थांनी तेराची का लावली असेल? याचं उत्तर शोधताना मला शंभर वर्षं मागे, अमेरिकेच्या मिशिगन राज्यात जावं लागलं.

कोरलेली तबली

ती गिटार आर्चटॉप जातीची होती. नेहमीच्या गिटारची वरची फळी, आपल्या भाषेत तबली, सपाट असते. मधोमध गोल भोक असतं आणि घोडी तबलीला सरसाने चिकटवलेली असते. तारा त्या घोडीतच अडकवलेल्या असल्यामुळे त्या तबलीला वर उचलू पाहतात. आर्चटॉपची तबली व्हायोलिनसारखी मधे फुगीर असते. जाड फळी कोरून तिला हा आकार देतात. घोडी चिकटवलेली नसते, नुसती टेकवलेली असते. तारा घोडीवरून पुढे जाऊन मागच्या कडेला अडकवलेल्या टेलपीसमध्ये बसतात. सतार-तंबोऱ्यात लंगोटाचं जे काम, तेच इथे टेलपीसचं. त्यामुळे तारा तबलीला वर न खेचता घोडीमार्फत खाली दाबतात. सपाट गिटारमध्ये ओढ आणि आर्चटॉपमध्ये दाब, हा फरक लक्षात ठेवला की पुढचा सगळा इतिहास उलगडतो.

गिटारची तबली व्हायोलिनसारखी कोरण्याची कल्पना रुजवली ती ऑर्व्हिल गिब्सन याने. जन्म १८५६चा, न्यूयॉर्क राज्यातला. कर्मभूमी मिशिगनमधलं कलामझू. मुख्यतः मेंडोलिन बनवणाऱ्या या कारागिराला कोरीव वाद्याचं पेटंट १८९८ साली मिळालं. १९०२ साली काही व्यापाऱ्यांनी त्याच्या नावाने कंपनी काढली. ऑर्व्हिल १९१८ साली वारला. त्याच्या गिटारींना भोक गोल किंवा लंबगोल असे आणि आवाज जाडसर, थोडा घुमा येई.

पुढचं पाऊल लॉइड लोअरचं. हा स्वतः मेंडोलिन वाजवणारा आणि ध्वनिशास्त्राचा नाद असलेला माणूस १९१९ साली गिब्सन कंपनीत आला आणि १९२४च्या अखेरीस बाहेर पडला. मधल्या पाच वर्षांत त्याने जे केलं त्यावर पुढची सगळी आर्चटॉप परंपरा उभी आहे. १९२२ साली आलेल्या एल-५ या गिटारला त्याने व्हायोलिनसारखी दोन 'एफ' आकाराची भोकं दिली आणि तबलीखाली दोन लांब पट्ट्या जवळजवळ समांतर बसवल्या. मानेच्या आत पोलादी सळई होती. कंपनीतल्याच थॅडियस मॅकह्यू याने काढलेली ही सळई स्क्रूने आवळता येई. आतडीच्या तारांच्या काळात अशा सळईची निकड नव्हती. पोलादी तारांचा ताण त्यांच्या जवळपास दुप्पट. तो सोसताना मान वाकते, म्हणून सळई. म्हणजे एल-५ घडली तीच ताणलेल्या पोलादी तारांसाठी.

बँजोची जागा

एवढा ताण कशासाठी? ऐकू जाण्यासाठी. १९२०च्या दशकातल्या जॅझ बँडमध्ये ताल धरण्याचं काम बँजो करत असे. बँजोला कातड्याचं तोंड असतं, आवाज कडक आणि दूरवर जाणारा. ट्रम्पेट, ट्रॉम्बोन आणि क्लॅरिनेटच्या गर्दीत साध्या गिटारचा निभाव लागत नसे. १९२५ साली विजेच्या मायक्रोफोनने ध्वनिमुद्रण सुरू झालं आणि हळू वाद्यांनाही तबकडीवर जागा मिळाली. फिलाडेल्फियाचा एडी लँग हा गिटारवादक याच काळात पुढे आला. जो व्हेनुटीच्या व्हायोलिनबरोबर आणि लॉनी जॉन्सनच्या गिटारबरोबर त्याने केलेल्या तबकड्यांनी गिटार हे जॅझचं वाद्य ठरवलं. तो १९३३ साली, ऐन तिशीत गेला. तोवर बँजो मागे पडायला लागला होता.

पण तबकडी वेगळी आणि नाचाचा हॉल वेगळा. हॉलमध्ये गायकापुढे मायक्रोफोन असे, गिटारवाल्यापुढे क्वचितच. १९३०च्या दशकात बँड बारा-पंधरा जणांचे झाले आणि गिटारला मोठं होण्यावाचून इलाज राहिला नाही. एल-५ सोळा इंच रुंद होती. १९३५च्या सुमारास तिची सतरा इंच झाली. १९३४ साली गिब्सनने अठरा इंची सुपर ४०० आणली. नावातला आकडा म्हणजे तिची डॉलरमधली किंमत. न्यूयॉर्कच्या एपिफोन कंपनीने लगेच साडेअठरा इंचांची एम्परर काढली. बॉस्टनच्या स्ट्रॉमबर्ग पितापुत्रांनी एकोणीस इंचांपर्यंत मजल मारली. न्यूयॉर्कच्या केनमेअर स्ट्रीटवर १९३२ साली दुकान थाटलेल्या जॉन डी'अँजेलिकोने आयुष्यभरात अकराशेहून अधिक आर्चटॉप घडवल्या.

शरीर वाढलं तशी तारेची लांबीही वाढली. घोडीपासून खुंट्यांकडच्या पट्टीपर्यंतचं अंतर एल-५मध्ये सुरुवातीला पावणेपंचवीस इंच होतं, दशक संपेपर्यंत साडेपंचवीस झालं. पाऊण इंच म्हणजे किरकोळ वाटतं. पण तीच तार त्याच स्वराला लावली तर एवढ्याने ताण सहा टक्के वाढतो. रुंदी, लांबी, सळई, तारेची जाडी या सगळ्या वाढी एकाच दिशेने चालल्या होत्या.

या काळाचा आवाज ऐकायचा तर काउंट बेसीच्या बँडमधला फ्रेडी ग्रीन ऐकावा. तो १९३७ साली त्या बँडमध्ये आला आणि १९८७ साली मृत्यू होईपर्यंत तिथेच राहिला. पन्नास वर्षं त्याने चार मात्रांचा ठेका धरला, एकल वादन जवळपास केलंच नाही. साऱ्या गिटारी विजेवर गेल्या तरी याची बिनविजेचीच राहिली. तारा पडद्यांपासून भलत्याच उंच ठेवलेल्या. अशा उंच तारा दाबणं म्हणजे बोटांची परीक्षा. पण तार जोरात छेडली तरी पडद्यावर आपटत नाही आणि तिचा सगळा जोर लाकडात उतरतो. जाणकारांनी त्याचं वादन बारकाईने ऐकून दाखवलं आहे, की अनेकदा त्याच्या स्वरगुच्छातला एखाद-दुसरा स्वरच खरा वाजत असे. सहाही तारा वाजवायची गरज नव्हती. गरज होती ती मागच्या रांगेतल्या नाचणाऱ्याच्या पायापर्यंत ठेका पोचण्याची.

थोडा हिशोब

तारेची जाडी आणि ताण यांचा हिशोब वहीच्या पाठपानावर मांडता येतो. लांबी आणि स्वर कायम ठेवले तर ताण जाडीच्या वर्गाच्या प्रमाणात वाढतो. साडेपंचवीस इंच लांबी धरून पहिली तार नेहमीच्या स्वराला लावली, तर दहाच्या तारेवर सुमारे ७.३ किलोचा ताण येतो. अकराच्या तारेवर ८.९, बाराच्या १०.६, तेराच्या १२.४ आणि चौदाच्या १४.४. दहावरून तेरावर जाताना जाडी तीस टक्के वाढते, ताण मात्र एकोणसत्तर टक्के. सहा तारांची बेरीज केली तर दहाच्या सेटला सुमारे ४७ किलो, बाराच्या सेटला ७४ आणि तेराच्या सेटला ८४ किलो येतात. तारांच्या बनावटीप्रमाणे हे आकडे थोडे मागेपुढे होतात.

गंमत अशी, की सतारीची बाजाची तार आणि आर्चटॉपची पहिली तार जाडीला जवळपास सारखीच, बाराच्या आसपास. पण सतारीची तार लांब असली तरी बऱ्याच खालच्या स्वराला लावतात, त्यामुळे तिच्यावरचा ताण गिटारच्या निम्म्याहून थोडाच जास्त असतो. म्हणूनच ती मींडेत ओढता येते. जाडी एकटी काही सांगत नाही. जाडी, लांबी आणि स्वर मिळून ताण ठरतो.

आता दाबाकडे वळू. घोडीवरून जाताना तार कोनात वळते. हा कोन चौदा अंशांच्या आसपास असेल, तर एकूण ताणाचा साधारण चौथा हिस्सा सरळ खाली, तबलीवर येतो. तेराच्या सेटचा दाब वीस किलोंच्या वर जातो, म्हणजे कोरलेल्या पातळ लाकडावर कायमचा ठेवलेला पाण्याचा भरलेला मोठा कॅन. दहाच्या सेटचा दाब साडेअकरा किलो. जाड तबली साडेअकरा किलोंच्या दाबाने आणि हलक्या तारेच्या कंपनाने पुरेशी हलत नाही. तिचा आवाज पातळ, चिमटा काढल्यासारखा येतो. जुने लोक जाड तारा लावत, त्यात मर्दुमकीचा भाग नव्हता. ते वाद्यच त्या भाराने जागं होत असे.

वीज आली

१९३६ साली गिब्सनने ईएस-१५० ही गिटार आणली. तबलीखाली चुंबक, वर तारेजवळ गुंडाळी, सोबत अॅम्प्लिफायर. सगळं मिळून दीडशे डॉलरच्या घरात, म्हणून नाव १५०. ओक्लाहोमात वाढलेला चार्ली ख्रिश्चन ही गिटार घेऊन १९३९च्या ऑगस्टमध्ये बेनी गुडमनच्या बँडमध्ये दाखल झाला. मार्च १९४२मध्ये तो क्षयाने गेला, तेव्हा पंचविशीत होता. अडीच-पावणेतीन वर्षांत त्याने गिटारला सॅक्सोफोनच्या बरोबरीने एकल वाद्य करून ठेवलं.

तारांच्या इतिहासात ही घटना माझ्या मते एल-५ इतकीच मोठी आहे. पिकअपला लाकूड ऐकू येत नाही. त्याला चुंबकाजवळ हलणारं लोखंड कळतं. मग तार कशाची आहे हा नवाच प्रश्न उभा राहिला. जाड तारांना पोलादी गाभ्यावर दुसऱ्या धातूचं वेटोळं असतं. आवाज लाकडातून काढायचा तर ब्राँझचं वेटोळं चांगलं; तांबं ऐंशी टक्के आणि जस्त वीस टक्के अशा मिश्रणाच्या तारा तेव्हापासून आजवर विकल्या जातात. पण ब्राँझ चुंबकाला दाद देत नाही. पिकअपवर ब्राँझच्या तारा दबक्या आणि वेटोळं नसलेल्या वरच्या दोन तारा उर्मट वाजतात. ख्रिश्चनच्या काळच्या पिकअपमध्ये दुसऱ्या तारेखाली पट्टीला पुढे मुद्दाम खाच पाडू लागले, ती या उर्मटपणावर उपाय म्हणून. यातून निकेलच्या वेटोळ्याच्या तारा आणि चपट्या पट्टीने गुंडाळलेल्या फ्लॅटवाउंड तारा रुळल्या. फ्लॅटवाउंडवर बोट सरकताना खरखर होत नाही आणि स्वर गोल, मऊ येतो. वेस माँटगोमेरीचा अंगठ्याने काढलेला एल-५चा उबदार आवाज ऐकताना जाड फ्लॅटवाउंड तारांचा हात त्यात किती आहे ते जाणवतं.

पुढे १९४९ साली गिब्सनने ईएस-१७५ काढली. तिची तबली कोरीव नव्हती, प्लायची दाबून केलेली होती. जॅझमधल्या सर्वाधिक वाजलेल्या गिटारींपैकी ही एक. लाकूड हलवायची गरज संपल्यावर लाकूड कमी हललेलंच बरं होतं, कारण अॅम्प्लिफायरचा मोठा आवाज तबलीत शिरून शिट्टी होते. म्हणजे जाड तारेचं मूळ कारण या वेळी संपलं. पण सवय उरली. पॅट मार्टिनोसारखे मोठे वादक विजेवरही अतिजाड तारा वाजवत राहिले. जिम हॉलने मात्र तुलनेने बारीक तारा आणि हळू लावलेला अॅम्प्लिफायर घेऊन तितकंच खोल संगीत केलं. १९६२ साली कॅलिफोर्नियात एर्नी बॉल याने तरुण रॉक वादकांसाठी बारीक तारांचे सेट बाजारात आणले, त्यांतला सर्वांत खपणारा दहाचा. त्याआधी वादक बँजोची बारीक तार गिटारला लावून काम भागवत. ज्या वाद्याला हटवून गिटार पुढे आली, त्याच्याच तारेने तिचा भार कमी केला.

'खरा जॅझ आवाज हवा तर तेराचीच तार' हा सल्ला म्हणूनच मला अर्धवट वाटतो. तेराची तार हे १९३५च्या हॉलला, बिनमायक्रोफोनच्या गिटारने दिलेलं उत्तर होतं. प्रश्न बदलला की उत्तर तपासून घ्यावं लागतं.

आपल्याकडे

मुंबईत हा प्रश्न त्याच काळात पोचला होता. १९३५च्या अखेरीस लिऑन ॲबीचा बँड ताजमहाल हॉटेलात आला. मागोमाग क्रिकेट स्मिथ आणि टेडी वेदरफर्ड हे कृष्णवर्णीय अमेरिकन वादक आले. चर्चच्या शाळांत नोटेशन शिकलेले गोव्याचे तरुण या बँडच्या संगतीत जॅझ शिकले आणि पुढे हिंदी चित्रपटांच्या वाद्यवृंदांत गेले. नरेश फर्नांडिस यांच्या 'ताजमहाल फॉक्सट्रॉट' या पुस्तकात ही सारी हकीकत आली आहे. हॉटेलच्या नाचघरातल्या गिटारवाल्यापुढची अडचण कान्सास सिटीतल्या गिटारवाल्यापेक्षा निराळी नव्हती : सॅक्सोफोनच्या रांगेपलीकडे ऐकू जायचं. झाकणावरचा तेराचा आकडा मला त्या अडचणीचा पुरावा वाटतो.

आर्चटॉपचा दुसरा प्रवास अधिक अनपेक्षित आहे. जोधपूरला जन्मलेले, उस्ताद अली अकबर खाँचे शिष्य पंडित ब्रिजभूषण काब्रा यांनी हिंदुस्थानी रागसंगीतासाठी निवडलेली गिटार होती गिब्सन सुपर ४००. तारा उंच उचलून, मांडीवर आडवी ठेवून, पोलादी दांडा फिरवत ते वाजवत. जोडीला त्यांनी चिकारीची तार बसवली होती. शिवकुमार शर्मा आणि हरिप्रसाद चौरसिया यांच्यासोबतची १९६७ची 'कॉल ऑफ द व्हॅली' मराठी घराघरांत ऐकली गेली आहे, पण तिच्यातली गिटार नाचाच्या बँडसाठी घडलेल्या जातीची आहे, हे किती जणांना ठाऊक असेल? विश्वमोहन भट्ट यांची मोहनवीणाही आर्चटॉपमधूनच निघाली; तिला तरफांसह वीसच्या आसपास तारा आहेत. दोघांनी आर्चटॉपच निवडली यामागचं यांत्रिक कारण मला असं दिसतं : चिकटवलेल्या घोडीवर इतक्या तारांची ओढ टाकली तर घोडी उपटून येईल. टेलपीस असलेल्या वाद्यात ओढ मागच्या कडेवर जाते. शिवाय दांड्याखाली बारीक तार लवते आणि खडखडते. थोडी जाड, ताणलेली तार स्वर धरून ठेवते. चाळीस वर्षांपूर्वी गोंगाटाशी लढायला दिलेली ताकद इथे मींड आणि आस यांच्या कामी आली.

पुन्हा वसईची गिटार

एवढं वाचून-ऐकून झाल्यावर मी चूक केली. आधी दुकानातून मिळालेला दहाचा सेट लावून पाहिला होता. आवाज मरतुकडा आला आणि तिसरी तार सतत चढी बोलू लागली. त्याचं कारण नंतर कळलं : जुन्या लाकडी घोडीच्या माथ्यावरच्या पायऱ्या वेटोळ्याच्या तिसऱ्या तारेच्या बेताने कापलेल्या असतात आणि दहाच्या सेटमध्ये ती तार बिनवेटोळ्याची असते. मग मी ब्राँझचा तेराचा सेट मागवला. तारा चढवून पहिला आघात केला आणि खोली भरून गेली. ताईंना फोनवरून ऐकवलं. त्या काही बोलल्या नाहीत, नुसत्या रडल्या.

आठवड्याने पाहतो तो तारा पडद्यांच्या जवळ आल्या होत्या आणि वरच्या पडद्यांवर झणझण होत होती. मोठ्या तारा वाजवल्या की आतून काहीतरी फडफडे. पोलादी पट्टी तबलीवर आडवी धरली, तर घोडीच्या एका पायाखाली खळगा पडलेला दिसला. मी त्याच मिनिटाला तारा उतरवल्या. आरसा घालून पाहिलं, तर तबलीखालच्या दोन पट्ट्यांपैकी एक टोकाकडून सुटली होती. सांधा आधीच कमजोर झाला असणार, पण तो उकलला माझ्या तेराच्या तारेने. पेटीतल्या कागदावर मी विश्वास ठेवला आणि समोरच्या लाकडाकडे पाहिलं नाही. इतिहासाने मला सांगितलं होतं की हे वाद्य कशासाठी घडलं. पन्नास-साठ वर्षांनंतर त्याला काय पेलेल, हे इतिहासाला माहीत नव्हतं.

आमच्याकडच्या एका सतारीच्या कारागिराने 'एफ'च्या भोकातून सरस सोडून, आत लहानसा टेकू लावून ती पट्टी पुन्हा बसवली. तीन आठवडे वाद्य बिनतारेचं ठेवलं. खळगा बराचसा भरून आला, पूर्ण नाही.

आता कुणी तारेबद्दल विचारलं की मी आधी चार गोष्टी बघायला सांगतो. तबली कोरीव आहे की प्लायची? आवाज लाकडातून काढायचा आहे की पिकअपमधून? तबली सपाट पट्टी लावून तपासली का, आतल्या पट्ट्या ठोकून ऐकल्या का? आणि वाजवणार कोण, किती माणसांसमोर? कोरीव, धडधाकट आणि बिनविजेची असेल, तर ब्राँझची बारा किंवा तेराची. विजेवर वाजवायची, तर निकेलची किंवा फ्लॅटवाउंड, अकरा किंवा बारा. वाद्य म्हातारं असेल, तर एक पायरी खाली. लाकडी घोडी असेल, तर तिसरी तार वेटोळ्याचीच. तारा बदलताना एकेक बदलावी, कारण सगळ्या एकदम काढल्या तर नुसती टेकवलेली घोडी जागची हलते आणि सूर जातात.

वसईच्या गिटारला मी बाराचा सेट लावला आणि सगळ्या तारा अर्धा स्वर खाली उतरवल्या. अर्धा स्वर उतरला की ताण अकरा टक्क्यांनी कमी होतो. ७४ किलोंचे ६६ झाले. तेराच्या मानाने तबलीवरचा दाब साडेचार किलोंनी हलका झाला. महिनाभर रोज पट्टी लावून पाहिली. खळगा होता तेवढाच राहिला.

वाद्य न्यायला ताई नातवासोबत आल्या तेव्हा मी जे घडलं ते लपवलं नाही. फोनवर ऐकवलेला आवाज आता मिळणार नाही, हेही सांगितलं. मुलगा सतरा-अठराचा. त्याने बसल्या बसल्या चार स्वरगुच्छ वाजवून पाहिले. ताईंनी विचारलं, "पप्पांचा आवाज याच्यापेक्षा मोठा होता ना?" मी म्हणालो, "मोठा असणार. त्यांच्यापुढे दोनशे माणसं नाचत होती, ताई. तुमच्या घरी किती येणार?" त्या म्हणाल्या, "वीस-पंचवीस. तीही बसलेली." मग त्यांनीच पर्समधून पेन्सिल काढून मुलाकडे दिली. त्याने पेटीच्या झाकणावरच्या कागदावर, आजोबांच्या आकड्याखाली लिहिलं : १२, अर्धा स्वर खाली. शेजारी मी तारीख घातली.